मॉडेल रेल्वे: आधी वळण, मग स्केल, मग इंजिन

मॉडेल रेल्वेची आवड लागली की बहुतेक जण सुरुवात इंजिनापासून करतात. दहा चाकांचं देखणं वाफेचं इंजिन घरी येतं, टेबलावर बसेल असं घट्ट वळण आखलं जातं, आणि इंजिन दर फेरीला त्याच जागी रुळावरून उतरतं. इंजिन धड असतं, रूळही धड असतात. त्या इंजिनाला ते वळणच झेपत नाही. म्हणून क्रम उलटा धरावा: जागा किती आहे, त्या जागेत किती त्रिज्येचं वळण बसतं, आणि त्या वळणावर कुठल्या स्केलचं कुठलं इंजिन सुखाने धावेल. दिसायला हे तीन प्रश्न आहेत, पण उत्तर एकत्रच काढावं लागतं.

स्केल आणि गेज

स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या मानाने मॉडेल किती लहान, आणि गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. या दोन शब्दांची गल्लत झाली की खरेदीही चुकते.

सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ, १:८७, गेज १६.५ मिमी. खऱ्या स्टँडर्ड गेजचे १४३५ मिमी भागिले ८७ केले की हाच आकडा येतो. 'एचओ' या नावातला एच म्हणजे हाफ, अर्थात ओ स्केलच्या (१:४३.५) निम्मं. ब्रिटिश गाड्यांची मॉडेल्स मात्र ओओ स्केलमध्ये मिळतात. त्यात प्रमाण १:७६ आहे, पण गाड्या त्याच १६.५ मिमीच्या रुळांवर चालतात. त्यामुळे ओओचं इंजिन एचओच्या रुळावर धावतं खरं, पण एचओच्या डब्यांशेजारी ते फुगलेलं दिसतं. दोन्ही मिसळू नका.

एन स्केलचं गेज ९ मिमी. युरोप-अमेरिकेत प्रमाण १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८. जपानमध्ये बहुतेक गाड्या १:१५० आणि शिनकान्सेन १:१६०, कारण तिथली साधी रेल्वे १०६७ मिमी गेजची आणि शिनकान्सेन स्टँडर्ड गेजची आहे. झेड स्केल १:२२०, गेज ६.५ मिमी, मेर्कलिन या जर्मन कंपनीने ते १९७२ साली आणलं. एन आणि एचओच्या मधे टीटी आहे, १:१२०, गेज १२ मिमी. मोठ्यांत ओ स्केल, गेज ३२ मिमी. त्याचं प्रमाण अमेरिकेत १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५ आणि युरोपात बहुधा १:४५. बागेत ४५ मिमीच्या रुळांवर धावतात त्या जी स्केलच्या गाड्या, एलजीबी या ब्रँडच्या १:२२.५ सारख्या.

पहिल्यांदा हात घालणाऱ्याने एचओ किंवा एन यांतलंच एक घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सुटे भाग, रूळ, चाकं, डीकोडर (इंजिनातली हुकूम ओळखणारी चिप) या दोन स्केलमध्ये सगळ्यात सहज मिळतात. झेड लोभस आहे, पण त्यात धुळीचा एक कणही गाडी थांबवतो. ओ हाताळायला उत्तम, पण साधं वळणच खोली व्यापतं.

पहिली पायरी: वळण मोजा

टेप घ्या आणि फळीची रुंदी मोजा. गोल पूर्ण करायचा असेल तर रुंदी = त्रिज्येची दुप्पट + स्लीपरची (रुळांखालच्या आडव्या पट्टीची) लांबी + दोन्ही कडांना किमान ५ सेंमी मोकळी जागा. एचओमध्ये ३६ सेंमी त्रिज्येला साधारण ८५ सेंमी रुंद फळी लागते, तर ४४ सेंमीच्या वळणाला १ मीटर. एनमध्ये २८ सेंमीच्या वळणाला ६८ सेंमी पुरतात. फळी भिंतीला लागून असेल तर रुंदी ७५ सेंमीच्या आत ठेवा. घसरलेला डबा उचलायला हात पोचला पाहिजे.

आता सगळ्यात लांब डब्याची लांबी घ्या. अनुभवाचा ठोकताळा असा: त्रिज्या डब्याच्या लांबीच्या अडीचपट असेल तर बहुतेक गाड्या नीट धावतात, तिप्पट असेल तर बिनघोर. चौपटीच्या पुढे गेलात की वळणावरची गाडी दिसायलाही खरी वाटते. खरा २६.४ मीटरचा प्रवासी डबा एचओमध्ये ३०३ मिमी भरतो. तिप्पट म्हणजे ९० सेंमी त्रिज्या, म्हणजे जवळपास दोन मीटर रुंद फळी! तोच डबा एनमध्ये १६५ मिमी, आणि त्याला ५० सेंमी त्रिज्या पुरते.

घट्ट वळणावर नेमकं काय होतं ते बघा. त्या डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर १९ मीटर धरलं तर एचओमध्ये ते २१८ मिमी होतं. (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा फिरता चाकांचा संच.) ३६ सेंमीच्या वळणावर डब्याचा मधला भाग रुळांच्या मध्यरेषेपासून आतल्या बाजूला सुमारे १७ मिमी सरकतो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गेजएवढा. त्याच वेळी डब्याची टोकं बाहेर फेकली जातात आणि कपलिंग (डबे जोडणारा आकडा) तिरकं ओढलं जातं. त्रिज्या ९० सेंमी केली की ही सरक ७ मिमीच्या आत येते. म्हणूनच कंपन्या लांब डबे मुद्दाम आखूड करून १:१०० लांबीत बनवतात. वळणालगत फलाट, सिग्नल किंवा बोगद्याचं तोंड लावण्याआधी सगळ्यात लांब डबा तिथून हाताने ढकलून बघा.

एका दिशेच्या वळणाला लागून लगेच उलट दिशेचं वळण कधीच नको. मधे किमान सगळ्यात लांब डब्याएवढा सरळ रूळ टाका. तो नसेल तर शेजारशेजारच्या डब्यांची टोकं विरुद्ध बाजूंना जातात आणि हलका डबा उचलला जातो.

चढाचंही आधीच ठरवा. एचओमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर साधारण ८ सेंमी उंची लागते. अडीच टक्के चढाने ती गाठायला ३ मीटर २० सेंमी धाव हवी, आणि तेवढीच उतरायला. पहिल्या मांडणीत चढ टाळलेलाच बरा.

दुसरी पायरी: वळणाला शोभेल असं इंजिन

डिझेल इंजिन हे नवख्याचं सगळ्यात विश्वासू इंजिन. चांगल्या मॉडेलमध्ये मोटर मधोमध असते, दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील (चाल सलग ठेवणारी जड चकती), तिथून कार्डन शाफ्ट (फिरते दांडे) दोन्ही बोगींपर्यंत. सगळी चाकं ओढतात आणि सगळी चाकं रुळातून वीज घेतात. दोन-दोन आसांच्या दोन बोगी असतील त्याला बो-बो म्हणतात, तीन-तीन आसांच्या असतील तर को-को. पहिलं इंजिन बो-बो असावं: एचओमध्ये लांबी साधारण १८ सेंमी, आठ चाकांवर विजेची पकड, आणि ३६ सेंमीच्या वळणावरही ते कुरकुरत नाही. को-कोला शक्यतो ४५ सेंमी तरी द्या.

वाफेच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याची मोठी चाकं एकाच ताठ चौकटीत बसलेली असतात, ती वळणाबरोबर वळत नाहीत. इंजिनाचं वर्णन चाकांच्या आकड्यांनी करतात: ४-६-२ म्हणजे पुढे चार लहान चाकं, मधे सहा ओढणारी, मागे दोन. खरेदीच्या वेळी मधला आकडा आधी बघा. सहा असेल तर ठीक, आठ असेल तर त्रिज्या वाढवा, दहा असेल तर खोक्यावर छापलेली किमान त्रिज्या वाचल्याशिवाय घेऊ नका. २-१०-० सारख्या इंजिनांत मधल्या चाकांची कडच काढलेली असते किंवा आसाला आडवी हालचाल दिलेली असते, तेव्हा कुठे ती घरगुती वळणं घेतात. छापलेला आकडा म्हणजे 'इथे कसंबसं जाईल' असं समजून वर १० ते १५ सेंमी जास्त धरा.

वाफेच्या इंजिनात दुसरी नाजूक जागा म्हणजे चाकांबाहेरचे दांडे. इंजिन कधीही दांड्यांना धरून उचलू नका. एका हाताने टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) आणि दुसऱ्या हाताने इंजिनाचं धड असं दोन्ही एकदम उचला. दोन्ही वेगवेगळे उचलणं हेच मधली बारीक वायर तुटण्याचं मुख्य कारण असतं.

दोन खंडांत वाकणाऱ्या इंजिनांबद्दल एक गंमतीची बाब. युनियन पॅसिफिकचं बिग बॉय, ४-८-८-४, १९४१ ते १९४४ या काळात एकूण २५ बनली. खऱ्या इंजिनात फक्त पुढचा चाकांचा संच वळतो, मागचा बॉयलरला पक्का. एचओत ते टेंडरसह सुमारे ४६ सेंमी भरतं, आणि बहुतेक मॉडेल्समध्ये दोन्ही संच वळते ठेवलेले असतात. त्यामुळे ५६ सेंमीच्या वळणावरही ते जातं, पण बॉयलरचं नाक रुळांच्या खूप बाहेर लोंबतं. जागा कमी आणि वाफेचा ध्यास जास्त असेल तर शे जातीचं गिअरवालं इंजिन बघा. लाकूडतोडीच्या मार्गांवरचं, हळू चालणारं, बोगींवर धावणारं. घट्ट वळण हेच त्याचं घर.

विजेच्या इंजिनाचा पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) मॉडेलवर बहुधा शोभेचाच असतो, वीज रुळातून येते. वरच्या तारा टाकायच्या नसतील तर पँटोग्राफ खाली ठेवा, नाहीतर बोगद्याच्या तोंडाला अडकून मोडतो. एकाच सेटमध्ये येणाऱ्या लोकलसारख्या गाड्यांत मोटर सहसा एकाच डब्यात असते. तो डबा कुठला ते ओळखून मग कपलिंग जोडा.

शंटिंगचं (डबे मागेपुढे हलवून जुळवण्याचं) छोटं इंजिन दिसायला सोपं, पण चार-सहाच चाकं असल्याने पॉइंटच्या (रूळ जिथे दोन वाटांना फुटतो त्या सांध्याच्या) प्लॅस्टिक भागावर ते हमखास थांबतं. त्याचा उपाय चौथ्या पायरीत आहे.

तिसरी पायरी: पहिली मांडणी, १४० बाय ३० सेंमी

गोल गोल फिरणारी गाडी आठवड्यात कंटाळा आणते. पहिली मांडणी शंटिंगची करा. तिला वळणच जवळपास लागत नाही, आणि रूळ टाकण्यापासून वायरिंगपर्यंतची सगळी कामं शिकायला मिळतात. इंगलनूक नावाने ओळखली जाणारी रचना यासाठी फार सुंदर आहे: एक सायडिंग (बाजूचा, पुढे बंद होणारा रूळ) पाच वाघिणींचं (वाघीण म्हणजे मालडबा), दोन सायडिंग तीन-तीन वाघिणींचे, आणि समोर इंजिन अधिक तीन वाघिणी मावतील एवढा रूळ. आठ वाघिणींपैकी कुठल्याही पाच चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० क्रम होतात.

एचओमध्ये ११ सेंमीच्या दोन आसांच्या वाघिणी धरून साहित्य असं: ९ किंवा १२ मिमी प्लायवूडची १४० × ३० सेंमी फळी, खाली दर ४० सेंमीवर आडवी पट्टी, ३ मिमी जाडीचा कॉर्क, ९१ सेंमी लांबीचे वाकणारे रूळ तीन, पॉइंट दोन, एकाच कंपनीचे, धातूचे जॉइनर (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) एक पाकीट आणि प्लॅस्टिकचे चार, एक शंटिंग इंजिन, आठ वाघिणी, सगळ्यांना एकच कपलिंग. रुळाचा धातू निकेल सिल्व्हरच असू द्या. त्यात चांदी नसते, तांबं-जस्त-निकेलचा मिश्रधातू असतो. त्यावर ऑक्साइडचा थर चढला तरी वीज बऱ्यापैकी जाते. रुळावर 'कोड १००' लिहिलं असेल तर उंची ०.१०० इंच, म्हणजे २.५४ मिमी, 'कोड ८३' म्हणजे २.१ मिमी. दोन कोड एकमेकांना थेट जोडू नका, पायरी पडते.

रूळ कापल्यावर टोक कानसीने घासा, वरून, बाजूने आणि खालूनही. खालची बारीक शिंग राहिली की जॉइनर नीट सरकत नाही, जोर लावावा लागतो, आणि तो उलगडून सैल होतो. जोड झाला की डोळे मिटून नखाची कड रुळाच्या आतल्या बाजूने जोडावरून हलकेच फिरवा. नख अडलं तर चाकही अडणार. तिथेच थांबा आणि पुन्हा घासा. पुढचे सगळे त्रास या एका मिनिटात वाचतात. मग डोळा रुळांच्या पातळीला आणून लांबवर बघा. लहानसा वाकही लगेच दिसतो.

वळणावर जोड येत असेल तर दोन्ही तुकडे आधी सरळ ठेवून सोल्डर करा, नंतर वाकवा. वाकवून मग जोडले तर जोडावर कोपरा राहतो आणि इंजिन तिथेच उतरतं. सरळ भागातल्या काही जोडांत मात्र व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडा. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं-आकसतं. फट नसेल तर रूळ फुगवटा धरतात.

चौथी पायरी: वीज

साध्या डीसी पद्धतीत रुळांत ० ते १२ व्होल्ट जातात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, ध्रुव उलटे केले की दिशा उलटते. डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर कायम एकसारखी वीज असते, एचओसाठी साधारण १४ ते १६ व्होल्ट, आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनातल्या डीकोडरला हुकूम जातात. एकच इंजिन असेल तर डीसी पुरे. दुसरं इंजिन घ्यायचा विचार असेल तर पहिल्यापासून डीसीसीच घ्या, आणि इंजिन घेताना आत डीकोडरचं सॉकेट आहे ना एवढं बघा. डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं ठेवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते. मेर्कलिनच्या तीन-वाहक एचओ गाड्याही दोन रुळांच्या मांडणीवर चालत नाहीत. त्यांची दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून तोडलेली नसतात, त्यामुळे थेट शॉर्ट होतो.

फळीखालून १.५ चौ.मिमीच्या दोन जाड वायरी न्या, लाल आणि काळी. दर मीटरला, आणि शक्यतो रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, ०.५ चौ.मिमीची बारीक वायर सोल्डर करून त्यांना जोडा. विजेसाठी जॉइनरवर विसंबू नका. आज चालतात, पण थर धरला की वर्षभराने त्यांच्यातून वीज जाणं थांबतं. पॉइंटला वीज पात्यांच्या (हलणाऱ्या टोकदार रुळांच्या) बाजूने द्या. फ्रॉग (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचा असेल तर त्यापुढच्या दोन्ही आतल्या रुळांत प्लॅस्टिकचे जॉइनर घाला, आणि फ्रॉगची वायर पॉइंटबरोबर फिरणाऱ्या स्विचवर न्या. थांबणाऱ्या छोट्या इंजिनाचं खरं औषध हेच. प्लॅस्टिक फ्रॉगच असेल तर डीकोडरला कपॅसिटर जोडून इंजिनाला क्षणभराचा साठा देता येतो.

डीसीसी असेल तर नाण्याची परीक्षा घ्या. इंजिनं उतरवून नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या डीसीसीच्या खोक्याने) तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. अशी दर अर्ध्या मीटरला खात्री करा. कुठे वीज तुटली नाही तर तिथे वायर कमी पडते आहे, आणि शॉर्ट झाला तर तिथे चाकं व प्लॅस्टिक वितळेल. नाणं तिथे धरून ठेवू नका, लगेच उचला.

नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो. तो बदलताना रुळावर एकच इंजिन ठेवा, नाहीतर काही सेटवर सगळी इंजिनं तोच पत्ता घेतात. मग सीव्ही (डीकोडरमधल्या बदलता येणाऱ्या सेटिंगचा क्रमांक) २ ने सुरुवातीचा धक्का, सीव्ही ३ ने वेग धरणं आणि सीव्ही ४ ने थांबणं जुळवा. शंटिंगसाठी सीव्ही ५ कमी करून कमाल वेग खाली आणा. ताशी ६० किमीचा खरा वेग एचओमध्ये सेकंदाला फक्त १९ सेंमी होतो. नवखे लोक गाड्या फार जोरात पळवतात. हा आकडा एकदा पट्टीवर मोजून बघा.

पाचवी पायरी: घसरण शोधणे

नवं इंजिन आधी दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, डब्यांशिवाय, मध्यम वेगाने पळवा. शंटिंगच्या फळीवर हे शक्य नसतं. उधारीचा गोल किंवा फिरत्या रोलर्सचा स्टँड वापरा. मग वाघिणी लावून प्रत्येक पॉइंटवरून हळू ढकला. ओढताना न दिसणारे दोष ढकलताना उघडे पडतात.

सगळ्या गाड्या एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळात. एकच वाघीण सगळीकडे घसरत असेल तर दोष तिच्यात. आधी गेजच्या पट्टीने तिच्या चाकांच्या आतल्या अंतराची तपासणी करा. कमी असेल तर चाक आसावर हलकं फिरवत बाहेर ओढा. बोगीच्या वाघिणीत एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती वळेल पण डुलणार नाही, दुसरीचा थोडा सैल ठेवा की ती डुलेल. चारही कोपरे ताठ असलेली वाघीण जराशा उंचसखल रुळावर एक चाक हवेत ठेवते. शेवटी वजन. एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेप्रेमींच्या संघटनेची) शिफारस एचओसाठी २८ ग्रॅम अधिक दर इंचाला १४ ग्रॅम अशी आहे, म्हणजे १५ सेंमीच्या वाघिणीला सुमारे १११ ग्रॅम. कमी भरलं तर आत तळाशी वजन चिकटवा, छताला नको.

खडी पसरायची घाई करू नका. निदान महिनाभर गाडी न घसरता चालली की मगच. खडी कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरांच्या पातळीला आणा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारा, आणि पांढरा पीव्हीए गोंद तेवढ्याच पाण्यात कालवून, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब घालून ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या पात्यांजवळ गोंदाचा थेंबही नको.

सहावी पायरी: स्वच्छता

रूळ पॉलिश पेपरने घासू नका. ओरखड्यांत काळा थर अधिक लवकर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं न गळणारं कापड पुरे. चाकांसाठी जुनी पण पक्की युक्ती: टिश्यू पेपर अल्कोहोलने भिजवून रुळावर आडवा ठेवा, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर धरा, आणि हलका वेग द्या. उघड्या बोगीतून वीज मिळते, कागदावरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि मागे काळ्या रेघा सोडतात. कागद सरकवून रेघा उमटेनाशा होईपर्यंत करा, मग इंजिन उलटं फिरवून दुसरी बोगी. चाकांना रबरी टायर असतील तर ते कागदाला चिकटून तो खेचतात, म्हणून ती चाकं कापसाच्या बोळ्याने हाताने पुसा. तेल घालताना प्लॅस्टिकला चालणारंच घ्या आणि सुईच्या टोकावर राहील तेवढंच द्या. जास्तीचं तेल चाकांवर येतं, चाकांवरून रुळावर, आणि रुळावरून सगळ्या गाड्यांवर.